कंपनीने कधीच न पाडलेली नाणी

जुन्या वस्तूंच्या बाजारांत, तीर्थक्षेत्रांच्या वाटेवरील दुकानांत आणि अलीकडे तर जाहिरातींच्या छायाचित्रांतही एक जाड, तांब्याचे, मुद्दाम काळवंडविलेले नाणे वारंवार दृष्टीस पडते. त्याच्या एका अंगाला राम, लक्ष्मण आणि सीता उभी असून पायाशी हनुमान बसलेला असतो. दुसऱ्या अंगाला इंग्रजी अक्षरांत ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, अर्धा आणा हे मूल्य आणि १६१६ हा सन कोरलेला असतो. पाहणाऱ्याच्या मनात एकाच वेळी भक्ती, कुतूहल आणि थोडीशी धनाशा जागी करण्याचे सामर्थ्य या वर्तुळाकार तुकड्यात आहे, आणि म्हणूनच तो इतका खपतो. परंतु ज्या शहरात इंग्रजांनी पश्चिम किनाऱ्यावरची आपली पहिली वखार घातली त्या सुरतेचा इतिहास ज्याने थोडासा जरी वाचला असेल, तो त्या १६१६ या आकड्यापाशी थबकल्यावाचून राहणार नाही.

कारण १६१६ साली इंग्रज सुरतेत होते हे खरे; पण ते कोणत्या नात्याने होते? १६०८ मध्ये विल्यम हॉकिन्सचे ‘हेक्टर’ जहाज तापीच्या मुखाशी येऊन लागले, १६१२ मध्ये सुवाळीच्या किनाऱ्याजवळ पोर्तुगीज आरमाराशी झटापट झाली, आणि त्यानंतर बादशाही अनुज्ञेने शहरात वखार सुरू झाली. १६१६ मध्ये राजा जेम्सचा वकील सर टॉमस रो अजमेरास जहांगीर बादशहाच्या दरबारी व्यापाराच्या सवलतींसाठी अर्जविनंत्या करीत होता, आणि सुरतेतील त्याचे देशबांधव बंदराच्या मुतसद्द्याची मर्जी सांभाळीत नीळ आणि कापड खरेदी करीत होते. खुत्बा आणि सिक्का ही त्या काळी सार्वभौमत्वाची दोन मुख्य लक्षणे मानली जात. ज्याच्या नावाने शुक्रवारी खुत्बा वाचला जातो आणि ज्याच्या नावाने नाणे पडते तो राजा. परदेशी व्यापाऱ्यांनी आणलेले स्पॅनिश रियाल सुरतेच्या टांकसाळीत जात, तेथे ती चांदी वितळे आणि बादशहाच्या नावाचा रुपया होऊन बाहेर पडे. अशा शहरात, अशा साली, भाड्याच्या घरात राहणाऱ्या परदेशी व्यापाऱ्यांच्या मंडळीने स्वतःच्या नावाचा आणा पाडला असेल, ही गोष्ट कल्पनेतसुद्धा बसत नाही. ते नाणे झीज होऊन, गाडले जाऊन, काळाच्या ओघात दुर्मिळ झालेले नाही. ते कधी अस्तित्वातच नव्हते.

अशा तुकड्यांना संग्राहक मंडळी ‘फँटसी’ नाणी म्हणतात. आपण त्यांना कल्पित नाणी म्हणू. खोट्या नाण्यांच्या कुळात त्यांची जागा निराळी आहे, आणि ती नीट समजून घेणे अवश्य आहे. चालू चलनाची नक्कल करून बाजारात खपविणारा मनुष्य सरकारला आणि दुकानदाराला फसवितो. दुर्मिळ नाण्याची हुबेहूब प्रतिकृती करून ती अस्सल म्हणून विकणारा संग्राहकाला फसवितो. १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा रुपया दुर्मिळ असल्याने त्याचे बनावट नमुने जे निघाले ते या जातीचे. तिसरी गोष्ट पुनर्मुद्रणाची: कलकत्ता आणि मुंबई येथील सरकारी टांकसाळींनीच संग्राहकांच्या हौसेखातर जुन्या साच्यांवरून काही नाणी पुन्हा पाडून दिली, आणि ती जाणकार लोक पुनर्मुद्रण म्हणून ओळखूनच घेतात. कल्पित नाणे या तिघांहून वेगळे, कारण त्याला मूळच नसते. ते कशाचीच प्रत नसून केवळ एका काळाचा वेष घेतलेले असते. त्यामुळे अस्सलाशी ताडून पाहावे म्हटले तर ताडायला काही सापडत नाही, आणि सामान्य मनुष्य नेमका तेथेच फसतो. ‘असे दुसरे कोठेच नाही’ हे वाक्य विक्रेता नाण्याच्या दुर्मिळतेचे प्रमाण म्हणून उच्चारतो. वस्तुतः तेच त्याच्या असत्यतेचे पहिले प्रमाण असते.

येथे एक प्रामाणिक आक्षेप मनात उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. कंपनीचे चलन तरी जन्मतः कितपत अस्सल होते? मुंबई बेट १६६८ मध्ये कंपनीकडे आल्यावर, सुरतेच्या वखारीचा अध्यक्ष आणि मुंबईचा गव्हर्नर अशी दोन्ही पदे सांभाळणाऱ्या जेराल्ड ऑंजिअरने १६७२ मध्ये मुंबईत नाणी पाडण्यास आरंभ केला, आणि १६७६ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाने त्या हक्कास आपली सनदही दिली. पण लॅटिन अक्षरांचा तो रुपया बेटाबाहेर कोण घेणार? मग कंपनीने फारसी लिपीचा आश्रय केला, आणि शतकाच्या अखेरीस विल्यम व मेरी या इंग्लंडच्या राजाराणीच्या नावाने फारसी अक्षरांचे रुपये पाडले. औरंगजेबाच्या राज्यात दुसऱ्याच्या नावाचा सिक्का! खाफीखानासारख्या इतिहासकाराने इंग्रजांच्या अपराधांत या कृत्याची मोठ्या रोषाने नोंद केली आहे. अखेर १७१७ च्या सुमारास फर्रुखसियर बादशहाकडून मुंबईस बादशहाच्याच नावाची नाणी पाडण्याची परवानगी मिळाली, तेव्हा कुठे कंपनीचा रुपया मुलखात निर्वेध चालू लागला. कल्पित नाण्यांवर १७१७ हाही सन पुष्कळदा आढळतो हे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्या सुमारास खऱ्या कंपनीने स्वतःचे नाव झाकून बादशहाचे नाव पत्करले, तेव्हाच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या या तुकड्यांवर कंपनीचे नाव ठळक इंग्रजीत मिरवत असते.

सुरती रुपयाची कथा तर याहूनही बोधप्रद आहे. १७५९ मध्ये सुरतेचा किल्ला कंपनीच्या हाती आला, तरी शहराचा कारभार आणि टांकसाळ नवाबाकडे राहिली. मुंबईचा आणि सुरतेचा रुपया समान दराने चालावा असा करार होता, परंतु नवाबाच्या टांकसाळीतून निघणाऱ्या रुपयात दहा, बारा, प्रसंगी पंधरा टक्क्यांपर्यंत हीण मिसळले जाऊ लागले. त्याचा परिणाम जो व्हायचा तोच झाला: सराफांनी मुंबईचे चोख रुपये वेचून वितळविले, सुरतेस नेऊन त्यांचेच हिणकस रुपये पाडून घेतले, आणि मुंबईच्या टांकसाळीत चांदीचे काम वीस वर्षे बंद पडले. १८०० मध्ये कंपनीने सुरतेचा सर्व कारभार आपल्याकडे घेतला आणि मुंबईच्या टांकसाळीतही सुरती रुपया पाडण्याचा हुकूम दिला. त्या रुपयावर शाह आलम बादशहाचे नाव, ‘जर्ब सुरत’, म्हणजे सुरतेत पाडलेला, आणि जुलूसचे, म्हणजे राज्यारोहणापासूनचे, ४६ वे वर्ष ही अक्षरे होती. शाह आलम १८०६ मध्ये वारला. पण रुपयावरचे ४६ हे वर्ष तसेच गोठून राहिले, आणि पुढे यंत्रावर, किनारी नीट कापून पाडलेल्या रुपयांवरही तेच नाव आणि तेच वर्ष १८३० च्या दशकापर्यंत उमटत राहिले. हे नाणे सुरतेचे, मुंबईचे की आणखी कोठले, हे आज अभ्यासकांना बारीक गुप्त खुणांवरून ठरवावे लागते.

म्हणजे मृत बादशहाचे नाव, थांबलेले वर्ष आणि कधी कधी गावही दुसरेच! तरीही सुरती रुपया खरा का आणि १६१६ चा आणा खोटा का? माझ्या मते उत्तर असे की सुरती रुपयावरचा गोठलेला आकडा हा उघड संकेत होता. सराफ, व्यापारी आणि सरकार या तिघांनाही तो ठाऊक होता. जुलूसचे वर्ष पालटले की मागील वर्षांच्या रुपयांवर बट्टा बसण्याची जी जुनी रीत होती तिच्यातून सुटण्याचा तो एक व्यवहारी मार्ग होता. वजन आणि कस यांची हमी पाडणाऱ्याने घेतली होती, आणि रुपयाने ती प्रत्येक देवघेवीत पाळून दाखविली. जगात याची दुसरी उदाहरणेही आहेत: ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचा १७८० सालचा चांदीचा डॉलर, राणी त्याच वर्षी निवर्तली असता, तांबड्या समुद्राभोवतीच्या व्यापारासाठी पुढे दीडशेहून अधिक वर्षे त्याच सनाने पडत राहिला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४०-४१ मध्ये, तो आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडला गेला. अशा नाण्यांनी कोणाला आपल्या वयाविषयी फसविले नाही, कारण त्यांचे मोल वयावर अवलंबूनच नव्हते. कल्पित नाण्याचे सारे मोल मात्र त्याच्या सांगितलेल्या वयावरच उभे असते.

आता परीक्षेकडे वळू. सुरतेच्या सराफाजवळ वजन, कस आणि नाद ही तीन साधने परंपरेने चालत आली आहेत, आणि चलनी रुपयापुरती ती आजही उत्तम उपयोगी पडतात. १८३५ च्या सतराव्या कायद्याने कंपनीने साऱ्या मुलखासाठी जो एकच रुपया ठरविला तो १८० ग्रेनांचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा, आणि बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदीचा होता. ग्रॅमच्या मापाने ११.६६. तराजूत घातलेला हलका तुकडा आपले बिंग आपणच फोडतो. पण कल्पित आण्याला तराजू काय विचारणार? त्याचे तांबे खरे तांबेच असते, आणि चांदीचे असेल तर चांदीही पुष्कळदा चोख असते. धातूने सत्य सांगितले तरी अक्षरे असत्य सांगत असतात, आणि अक्षरांची कसोटी इतिहासाखेरीज दुसऱ्या कशावरही लागत नाही.

ती कसोटी कशी लावावी याचा एक नमुना देतो. बाजारात अतिशय सुलभ असलेल्या एका तुकड्यावर ‘एक आणा’, कंपनीचे नाव, १८१८ हा सन आणि ‘यू. के.’ अशी आद्याक्षरे असतात. मागे हनुमान, लक्ष्मी किंवा कमळ. कंपनीने १८३५ च्या कायद्याखाली तांब्याची जी नाणी पाडली ती पै, पाव आणा आणि अर्ध्या आण्याची. पाव आणा १०० ग्रेनांचा आणि अर्धा आणा २०० ग्रेनांचा. एक आण्याचे तांब्याचे नाणे त्या मालिकेत नव्हतेच. आपल्या वडीलधाऱ्यांच्या हातून गेलेला नागमोडी काठाचा आणा सातव्या एडवर्डच्या कारकिर्दीत, १९०७ च्या सुमारास, तांबे आणि निकेल यांच्या मिश्रणाचा म्हणून प्रथम आला, आणि तेव्हा कंपनी विसर्जित होऊन कितीतरी वर्षे लोटली होती. ‘यू. के.’ ही अक्षरे कंपनीच्या नाण्यांवर नसत. १८३५ च्या नाण्यांवर ढाल, सिंह आणि इंग्लंडचा राजा व पार्लमेंट यांच्या आश्रयाचा निर्देश करणारे लॅटिन बिरुद असे. मुंबई इलाख्यासाठी १७९१ पासून विलायतेत यंत्रावर पाडून आणलेल्या पैशांवर कंपनीच्या गासडीची खूण आणि मागे तराजू असून, त्याच्या पारड्यांमध्ये फारसी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय, हा शब्द कोरलेला असे. ही खरी नाणी पाहिलेल्या माणसाला हनुमानाचा आणा पाहताच त्यातील विसंगती जाणवते.

तथापि कंपनीने देवतांची नाणी कधीच पाडली नाहीत असे सरसकट विधान करणेही चूक ठरेल, आणि विक्रेते बहुधा याच अर्धसत्याचा आधार घेतात. मद्रासेस कंपनीने दक्षिणेच्या रिवाजास अनुसरून सोन्याचे होन पाडले; त्यांपैकी एका जातीवर वेंकटेश आणि दोन देवी असल्यामुळे त्यास तीन स्वामींचा होन म्हणत. परंतु ते इवलेसे, सोन्याचे आणि दक्षिणी घडणीचे आहेत. रामदरबाराच्या आण्याचे नाते त्यांच्याशी जुळत नाही. ते जुळते रामटंक्यांशी, म्हणजे यात्रेकरूंना देवस्थानांतून मिळणाऱ्या आणि देवघरात पुजल्या जाणाऱ्या धातूच्या मुद्रांशी. रामटंके हे श्रद्धेचे आणि कारागिरीचे मनोहर साधन आहेत, त्यांवरचे सन कित्येकदा काल्पनिक असतात, आणि त्यांनी कोणाचे काही बिघडविले नाही. बिघाड झाला तो त्या रामटंक्याच्या पाठीवर कंपनीचा ठसा उमटविण्याची युक्ती कोणाला तरी सुचली तेव्हा.

परकीय नाण्याची नक्कल करून ती आपलीशी करण्याची आपली परंपरा खरोखर फार जुनी आणि पुष्कळ अंशी सुंदर आहे. सुरतेच्या बंदरात तांबड्या समुद्राच्या वाटेने व्हेनिसचे सोन्याचे डुकाट येत. त्यांच्या एका अंगाला संत मार्क आणि त्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती अशा दोन आकृती होत्या. त्या नाण्याचे सोने इतके चोख की ते इकडे दागिन्यांत ओवले जाऊ लागले, मग सोनारांनी तसेच तुकडे स्वतः घडविले, लॅटिन अक्षरांच्या नुसत्या रेघा उरल्या, संताची आणि अधिपतीची ओळख पुसली गेली, आणि महाराष्ट्रातील कुलीन स्त्रियांच्या गळ्यात पुतळ्यांची माळ आली. पुतळी ही व्हेनिसच्या नाण्याची नक्कलच. पण तिने आपण व्हेनिसहून आलो असा दावा कधी केला नाही.

याच्या उलट दृष्टांत जहांगीरच्या राशिमुद्रांचा. महिन्याच्या नावाऐवजी त्या महिन्याच्या राशीचे चित्र नाण्यावर असावे, ही कल्पना आपलीच असल्याचे जहांगीरने आपल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे. १६१८ च्या सुमारास हे रुपये अहमदाबादेस पडू लागले आणि मोहरा आग्र्यास. परंतु फ्रेंच प्रवासी त्याव्हर्नियेने आपल्या प्रवासवृत्तात अशी कथा दिली की नूरजहानला एक दिवसाचे राज्य मिळाले आणि त्या एका दिवसात तिने या मुद्रा पाडविल्या. कथा खोटी, तरीही युरोपीय संग्राहकांच्या मनाने ती इतकी घट्ट धरली की राशिमुद्रांना अवास्तव किंमत आली, आणि मागणी पुरी करण्यासाठी पुढे त्यांच्या नकला बेसुमार घडल्या. नूरजहानच्या नावाचे खरे रुपये आहेत, आणि ते ज्या थोड्या टांकसाळींत पडले त्यांत सुरतही आहे. पण त्या खऱ्या रुपयांची कीर्ती एका मनोरंजक कथेपुढे फिकी पडली. कल्पित नाणे घडण्यापूर्वी त्याची कथा घडते, आणि ग्राहक पैसे मोजतो ते त्या कथेसाठी.

आजच्या सुरतेत राणीछाप रुपयाची ओढ अजून ओसरलेली नाही. लिंबायत, उधना या भागांत यंत्रमागांच्या आणि कापडगिरण्यांच्या आधाराने वसलेली खानदेशी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि खानदेशात तसेच डांगाकडच्या आदिवासी मुलखात चांदीच्या रुपयांच्या माळा स्त्रीधनाचा भाग होत्या. धनत्रयोदशीला सराफांकडे व्हिक्टोरिया राणीच्या किंवा पाचव्या जॉर्जच्या मुखवट्याची नवी चांदीची नाणी मिळतात. कित्येकांवर जुनाच सन असतो, मात्र चांदी नव्या शुद्धतेची आणि वजन दहा किंवा वीस ग्रॅमचे. सराफ ती नवी म्हणून विकतो, ग्राहक नवी म्हणून घेतो, दोघांच्या व्यवहारात काळेबेरे नाही. माझी चिंता पुढल्या पिढीविषयी आहे. पन्नास वर्षांनी आजीच्या डब्यातून तेच नाणे निघेल, बरोबर पावती नसेल, आणि नातवंडाला त्यावर केवळ १८६२ हा आकडा दिसेल.

फसवणुकीचे याहून निर्दय स्वरूपही आहे. देवतांचे चित्र असलेले कंपनीचे तांब्याचे नाणे तांदूळ ओढून घेते, त्यात वीज पडून उतरलेली शक्ती असते, त्यात इरिडियम असते आणि परदेशातील संस्था त्यासाठी कोट्यवधी देतात, असे सांगून ‘राइस पुलर’ या नावाने लोकांस लुबाडणाऱ्या टोळ्या देशभर पोलिसांनी पकडल्या आहेत. तांब्याला चुंबकत्व नाही, तांदळालाही नाही. लोखंडाचा कीस लावलेले दाणे आणि दडविलेले चुंबक एवढ्यावर तो प्रयोग उभा असतो. ‘तपासणी शुल्क’ म्हणून घेतलेली रक्कम हीच त्यांची खरी कमाई. जुनी नाणी आणि नोटा यांच्या खरेदीविक्रीसाठी आपल्या नावाने कमिशन किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहावे, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे दिला. कर्ज काढून या नादी लागलेली माणसे अशिक्षितच असतात असे नाही, आणि त्यांना हसणे मला मनापासून अनुचित वाटते. देवाचे चित्र आणि सरकारी ठसा एकत्र आले की विश्वास टाकण्याची आपली सवय शतकांची आहे.

कायद्याने या बाबतीत काय केले आहे? १८६० च्या दंडविधानाने नाण्याची व्याख्या करताना असा दाखला दिला होता की पूर्वी सरकारच्या अधिकाराने चालत असलेला फरुकाबादी रुपया आता चालत नसला तरी भारतीय नाणेच होय. म्हणजे बंद पडलेल्या नाण्याची प्रतिष्ठाही कायद्याने राखली. १८८९ च्या कायद्याने खाजगी धातूच्या मुद्रा पैसा म्हणून पाडण्यास बंदी केली, आणि तो विषय पुढे २०११ च्या नाणे अधिनियमात समाविष्ट झाला. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांपूर्वीची नाणी पुरावस्तूंत मोडतात. परंतु या साऱ्यांचे लक्ष चलनाकडे आणि वारशाकडे आहे; जे नाणे कधी चलन नव्हते आणि वारसाही नाही, ते यांच्या जाळ्यातून सहज निसटते. अमेरिकेने १९७३ मध्ये संग्राहकांच्या रक्षणार्थ कायदा करून नकली नाण्यावर ‘कॉपी’ हा शब्द उठविणे सक्तीचे केले. असा शब्द आपल्याकडेही सक्तीचा व्हावा असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण कल्पित नाणे स्वतः निंद्य नाही. आठव्या एडवर्डने १९३६ मध्ये वर्षभरही राज्य केले नाही आणि त्याच्या मुखवट्याचे हिंदुस्थानी नाणे चलनात कधी आलेच नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी इंग्लंडातील नाणेविक्रेत्यांनी अर्धशतकानंतर त्याची कल्पित नाणी पाडून घेतली, ती तशीच जाहीर करून विकली, आणि विशेष सूचिग्रंथांत त्यांना स्वतंत्र क्रमांकही मिळाले. संग्राहक ती आनंदाने जमवितात आणि कोणी फसत नाही. सोळाव्या शतकात पाडुआच्या काव्हिनोने रोमन नाण्यांच्या धर्तीवर घडविलेले तुकडे आज त्याच्या स्वतःच्या कलेसाठी मोठमोठ्या संग्रहालयांत जपले जातात.

रामदरबाराच्या आण्यालाही हा न्याय मिळावा. ज्यांच्या घरी तो आहे त्यांनी तो मोडीत टाकण्याची गरज नाही. देवघरात असेल तर तेथेच असू द्यावा, संग्रहात असेल तर पाकिटावर ‘विसाव्या शतकातील किंवा त्यानंतरची कल्पित मुद्रा’ असे स्वहस्ते लिहून ठेवावे, आणि शंका असल्यास नाशिकजवळील अंजनेरीच्या नाणेसंशोधन संस्थेसारख्या ठिकाणचे ग्रंथ पाहावेत. तापीकाठी सुरतेचा जो जुना किल्ला आता डागडुजी होऊन संग्रहालयाच्या रूपाने लोकांस खुला झाला आहे, तेथे एका पेटीत शाह आलमच्या नावाचा सुरती रुपया आणि त्याच्या शेजारी १६१६ चा हा आणा, दोहोंखाली मराठी, गुजराती आणि हिंदी या तिन्ही भाषांत खरी हकीकत लिहून, मांडून ठेवावा, अशी माझी तेथील अधिकाऱ्यांस विनंती आहे.